रोज नव्याने सापडणारी गाठ

माझ्या वडिलांनी त्यांच्या कुत्र्याला कधी नाव ठेवलं नाही. ते त्याला 'गड्या' म्हणायचे, आणि गड्या ते कुणालाही म्हणायचे. भाजीवाल्याला, गल्लीतल्या पोरांना, पुढे पुढे मलासुद्धा. आम्ही वडिलांना दादा म्हणतो. ते एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी लातूर-औसा-सोलापूर रस्त्यावर काढली. निवृत्त झाले आणि वर्ष व्हायच्या आत आई गेली. मी मुरुडला शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही. भाऊ नांदेडला बँकेत आहे. त्यामुळे लातूरच्या घरात आम्ही दोघंच उरलो.

आई गेल्यावर दादांचं बोलणं फार कमी झालं. सकाळी उठून अंगणात खुर्ची टाकून बसायचे, ते मी शाळेतून परत येईपर्यंत तिथंच. त्या उन्हाळ्यात औशाला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मला शाळेच्या कामामुळे जाता आलं नाही, ते एकटेच गेले. संध्याकाळी परतले तेव्हा हातात आहेराची कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एक नाक बाहेर आलेलं होतं.

"हे काय आणलंत दादा?"

"स्टँडवर पडलं होतं. गाडीखाली गेलं आस्तं."

पिल्लाच्या अंगावर केस असे नव्हतेच. खरजेनं कातडी जाड होऊन भेगाळली होती, कानांत गोचिडांचे झुबके होते, पोट टम्म फुगलेलं. मी त्याला हात लावायला धजले नाही. दादांनी मात्र त्याला वर्तमानपत्रावर ठेवलं, चष्मा लावला आणि एकेक गोचीड चिमटीत धरून काढायला बसले. काढलेली गोचीड मिठाच्या पाण्यात टाकायचे. ते पाणी पार काळपट लाल झालं. पिल्लू अधूनमधून कण्हायचं आणि दादा म्हणायचे, "झालं गड्या, झालं, येवढं एक."

कितीतरी महिन्यांनी मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, जंताचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "काका, अशक्त आहे फार. बघा काय होतंय ते." पुढचं दादांनी स्वतःकडे घेतलं. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं ते त्याचं अंग पुसायचे. करंजाचं तेल लावायचे. ज्वारीची भाकरी कुस्करून ताकात भिजवायची, त्यात शिजलेला लाल भोपळा मिसळायचा आणि थोडं थोडं भरवायचं, हे त्यांचं ठरलेलं. हे सगळं ते लहानपणी त्यांच्या वडिलांकडे शिकले होते. आजोबा दुसऱ्यांच्या रानात रात्री जागलीवर, राखणीला असायचे आणि त्यांच्या सोबतीला कायम कुत्रं असायचं.

आमच्या भिंतीला लागून चाची राहतात. त्यांच्या घरचं मटणाचं दुकान आहे. स्वतःच्या घरात कुत्रं घेणं त्यांना चालत नाही, पण भिंतीवरून सगळं चालायचं. त्या रोज हाडांचं पाणी उकळून डबा पुढं करायच्या.

"भाईसाब, ये लो. नमक नै डाली. मिर्ची बी नै."

"भाभी, हळद टाकली का जराशी?"

"टाकली ना. तुमच्या बाळंतिणीला सगळं टाकली."

चाची हसायच्या आणि दादाही हसायचे. पाऊस सुरू होईपर्यंत पिल्लाच्या अंगावर तांबूस लव उगवली. दिवाळीपर्यंत त्याचा चांगला उभ्या कानांचा, रुंद छातीचा कुत्रा झाला.

दादा त्याला रोज सकाळी तपासायचे. डेपोतून गाडी काढण्याआधी ते जसे टायर, दिवे, ब्रेक बघत गाडीला फेरी मारत, तसंच. आधी कान उलटे करून वास घ्यायचा. मग ओठ वर करून हिरड्या बघायच्या, गुलाबी आहेत ना. मग पंजे, बोटांमधल्या फटी, मग मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा, केसांच्या उलट दिशेनं. थंडीत तिळाचं तेल कोमट करून सांध्यांना चोळायचे. उन्हाळ्यात लातुरात पाण्याची काय तऱ्हा असते ते सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या अंघोळीचं पाणी घमेल्यात धरून ते त्याच्यासाठी गोणपाट भिजवायचे आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली अंथरायचे. पण लस त्यांनी एकदाही चुकवली नाही. गल्लीत कुणीतरी म्हणालं होतं, तुमचा पाला-तेलावर एवढा विश्वास, मग सुई कशाला? दादा म्हणाले, "पाल्यानं अंगावरचं जातंय. पिसाळू न्हाई द्यायचं काम सुईचंच हाय."

अशी बरीच वर्षं चांगली गेली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कुत्रा आजारी पडला नाही, दादा आजारी पडले नाहीत.

मग कुत्रा जाड व्हायला लागला.

पहिल्यांदा मला काही वाटलं नाही. वय झालं की होतं असं. मग एका रविवारी मी घरी होते. दादांनी सकाळी भाकरी कुस्करली, ताक घातलं, कुत्र्याला दिलं. थोड्या वेळानं पुन्हा स्वयंपाकघरात आले, पुन्हा भाकरी घेतली, पुन्हा कुस्करायला लागले.

"दादा, आत्ता दिलंत ना त्याला?"

"कवा? न्हाई बा. भुक्यानं बसलाय तो."

त्यांचा चेहरा इतका खात्रीचा होता की मला क्षणभर माझीच शंका आली. दुपारपर्यंत त्यांनी त्याला अजून दोनदा वाढलं. कुत्र्याला भूक नसायची, पण त्यांचं मन राखायला तो खाऊन टाकायचा.

डॉक्टरांनी दादांच्या तपासण्या केल्या, मेंदूचा फोटो काढला आणि जे सांगितलं त्याचं आमच्या घरात कुणी नाव घेतलं नाही. "इसर पडून राह्यलाय मला," एवढंच दादा म्हणायचे. गोळ्या सुरू झाल्या. पण मला मुरुडला जावंच लागायचं आणि दिवसभर घरात ते दोघंच असायचे. मी आले की कधी कुत्रा ओला असायचा. एका दिवसात त्यांनी त्याला कडुलिंबाच्या पाण्यानं कितीदा पुसलं असेल, देव जाणे. त्याची कातडी कोरडी पडून मांड्यांच्या आतल्या बाजूला सालटं निघाली. दादा ती सालटं बघून हळहळायचे आणि म्हणायचे, "खरूज आली वाटतंय परत," आणि पुन्हा पाला उकळायला ठेवायचे.

एकदा त्यांनी त्याला पिठलं-भाकरी आणि कापलेला कांदा दिला. जेवताना आपल्या ताटातलं दिलं असणार. कुत्र्याला कांदा बाधतो हे लहानपणापासून मला त्यांनीच सांगितलेलं. दोन-तीन दिवसांत कुत्रा पडून राहायला लागला, हिरड्या पांढऱ्या फटक झाल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कांदा-लसूण काही पोटात गेलं का. मी दादांकडे बघितलं.

"म्या कामून देईन कांदा?" ते म्हणाले. "मला कळत न्हाई का?"

कुत्रा त्यातून वाचला. पण भाऊ नांदेडहून फोनवर म्हणाला, "ताई, हे काय खरं नाही. कुत्रंही मरेल आणि एखाद्या दिवशी गॅस चालू राहून दादाही." भोकरकडे आमच्या मावशीचं शेत आहे. तिथं कुत्र्याला नेऊन सोडायचं आम्ही दोघांनी ठरवलं. पुढच्या सुट्टीला भाऊ गाडी घेऊन आला. दादा त्या वेळी दुपारचे झोपले होते. कुत्रा गाडीत बसताना कुरकुरला नाही, फक्त मागच्या काचेतून घराकडे बघत राहिला.

दादा उठले. अंगणात गेले, लिंबाखाली बघितलं, भिंतीपलीकडे चाचींना हाक मारली. मी सांगितलं, "दादा, त्याला मावशीकडे पाठवलंय, बरं वाटेपर्यंत." त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. मी आत चहा ठेवायला गेले आणि बाहेर आले तर फाटक उघडं होतं.

आम्ही गल्ल्या शोधल्या, चाचींचा मुलगा मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत जाऊन आला. संध्याकाळी फोन आला तो औशाहून, एका कंडक्टरचा. जुन्या ओळखीचा होता. दादा औसा स्टँडवर, प्रत्येक उभ्या गाडीखाली वाकून बघत होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "पिल्लू हाय एक. हितंच इसरलो मी."

मी त्यांना आणायला गेले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला ग्रीस लागलं होतं. मला बघून म्हणाले, "माय, गावना झालाय गं. माझ्याच्यानं हारवला."

भावाला मी त्याच रात्री फोन केला. दुसऱ्या दिवशी कुत्रा परत घरी आला.

मग चाची आणि मी मिळून सगळं नव्यानं बसवलं. कुत्र्याचा दिवसभराचा घास मी सकाळीच मोजका करून एका डब्यात लहान लहान गोळे करून ठेवायचे. दादांनी कितीदा भरवलं तरी तेवढंच पोटात जायचं. डबा रिकामा झाला की चाची त्यात काकडीचे तुकडे टाकायच्या. कांदा-लसूण, गॅसचं बटण, औषधं, सगळं कुलपात. बादलीत साधं कोमट पाणी आणि वर वासापुरती चार कडुलिंबाची पानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेल लावायचंच असेल तर खोबरेल ठेवा, त्यानं कातडी भरून येईल. ती भरून आलीही.

दादा आता त्याला दिवसातून कितीही वेळा तपासायचे. आत्ता कान बघितले, चहा प्यायले की पुन्हा कान. कुत्रा कधी गुरगुरला नाही. दादा समोर येऊन बसले की तो आपणच तोंड वर करायचा, ओठ उचलू द्यायचा, मग एकेक पंजा पुढे करायचा. फाटकाबाहेर दादा निघाले की तो पुढं जाऊन आडवा उभा राहायचा आणि भुंकायचा. मग चाची धावत यायच्या. "कां चले भाईसाब? आव, चाय पीयेंगे." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

गाठ दादांनाच सापडली. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते, शाळेची वेळ झाली होती.

"माय, हिकडं ये बरं. बघ, हितं काय लागतंय."

पुढच्या डाव्या पायाच्या मागं, काखेत, लिंबोळीएवढी कठीण गाठ होती. दादांचा हात तिच्यावरून हलत नव्हता. चेहरा उतरला होता. मी म्हणाले, दवाखान्यात नेऊ आज. शाळेला रजा टाकली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि मग उदगीरला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथं फोटो काढले. छातीत पसरलं होतं. या वयात कापाकापी करून उपयोग नाही, दुखणं कमी ठेवा, म्हणाले.

परत येताना गाडीत दादा कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टर जे बोलले ते त्यांनी ऐकलं होतं, समजलंही होतं. लातूर येईपर्यंत ते विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा हाक मारली. "माय, हिकडं ये बरं. बघ, हितं काय लागतंय."

तोच आवाज, तोच उतरलेला चेहरा. मी पुन्हा खाली बसले, पुन्हा हात लावून बघितलं, पुन्हा म्हणाले, "हो दादा, गाठ आहे. दाखवू आपण." त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. उन्हाळा संपेपर्यंत हे असंच चाललं. आम्हा बाकीच्यांना ती बातमी एकदाच कळली होती आणि आम्ही तिच्याबरोबर राहायला शिकत होतो. दादांना ती रोज पहिल्यांदाच कळायची. गाठ वाढत गेली तशी त्यांची भीतीही वाढत गेली, कारण त्यांच्या लेखी एवढी मोठी गाठ एका रात्रीत आलेली असायची.

कधी ते माझ्यावर चिडायचे. "येवढी वाढली तवर तुमी काय करून राह्यले होते?"

लोक नाना उपाय सांगत होते. नात्यातल्या एकानं फोनवर पाठवलं, अमुक मुळी उगाळून लावा, गाठ विरघळते. मी ते दादांना वाचून दाखवलं, त्या दिवशी त्यांचं डोकं जरा ठिकाणावर होतं. ते म्हणाले, "मुळीनं गाठ जात आस्ती तर तुझी आय गेली नस्ती." आई गाठीनंच गेली होती. हे त्यांना त्या क्षणी आठवत होतं, याचंच मला आश्चर्य वाटलं आणि मी उठून आत गेले.

म्हणून गाठ घालवायचा आम्ही प्रयत्न केला नाही. डॉक्टरीणबाईंच्या दुखण्याच्या गोळ्या भोपळ्याच्या घासात घालून द्यायचो. खाणं कमी झालं तसं तांदळाची पातळ पेज, चाचींचं हाडांचं पाणी, कधी नुसतं ताक. गोणपाट सारखं ओलं ठेवायचो. उठता येईना झाल्यावर जुन्या गादीवर दादांचं धोतर अंथरलं आणि त्याला कुशीवरून कुशीवर वळवायला लागलो, म्हणजे कातडीला जखम होऊ नये. मागचे पाय दादा तेलानं चोळायचे. या एका कामात त्यांचं विसरणं मदतीलाच यायचं. आत्ताच चोळलेत हे त्यांना आठवायचं नाही, आणि कुत्र्याला ते हात हवेच असायचे.

तो गेला ते दुपारी. शाळेला सुट्टी होती. त्याचा श्वास सकाळपासूनच वरवर चालला होता. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, म्हणाल्या, पाहिजे तर मी त्याला शांत झोपवते. मी दादांकडे बघितलं. ते कुत्र्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

"नगं," ते म्हणाले. "दमलाय त्यो. जाऊन राह्यलाय आपला आपण."

बाईंनी दुखण्याचं इंजेक्शन तेवढं दिलं आणि त्या तिथंच पायरीवर बसून राहिल्या. भिंतीपलीकडे चाची डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं दादांनी छातीवरचा हात उचलला, कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बघितली आणि हलकेच परत झाकली.

चाचींच्या मालकांनी आणि मुलानं गावाबाहेर त्यांच्या रिकाम्या प्लॉटवर खड्डा खणला. खाली मीठ टाकलं, धोतरात गुंडाळून त्याला ठेवलं. दादांनी माती लोटली. हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. येताना विचारलं, "आपण कुठं गेल्तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उभे राहून हाका मारायला लागले. "गड्या, ए गड्या!"

मी त्यांना खरं सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. आईच्या वेळी मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हाका. पुन्हा मी सांगितलं, पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडण्याआधी भिंतीवरून चाचींचा आवाज आला.

"भाईसाब, अब्बी खाके गया वो. मेरे बच्चे के साथ घुमने गया."

"आसं व्हय? खाल्लं का पोटभर?"

"हाव, पेटभर."

दादा समाधानानं खुर्चीत जाऊन बसले. चाची माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झूट का गुनाह मेरेकू लगने दे बेटी. तू नक्को बोलू." पण मीही बोलायला लागले. फिरायला गेलाय दादा. झोपलाय दादा. खाल्लंय त्यानं, पोटभर.

किती महिने असं चाललं, मला सांगता येणार नाही. मग हाका कमी झाल्या. एक दिवस आड, मग आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि मग माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत त्यांनी विचारलेलंच नाही. त्यांचं बोलणं पुन्हा आई गेल्यानंतरच्या दिवसांसारखं आटलं. फाटक उघडं राहिलं तरी ते आता बाहेर जात नाहीत.

मागच्या महिन्यात भाऊ आला होता. दादांजवळ बसून तो फोनमधले जुने फोटो दाखवत होता. नातवंडांचे, आई गेल्यानंतर केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीचे, घराच्या रंगकामाचे. मध्येच लिंबाखाली बसलेल्या कुत्र्याचा फोटो आला. उभे कान, तांबूस अंग, उन्हात चकाकणारं. भावानं तो पटकन पुढे सरकवायला बोट लावलं, पण दादांनी त्याचा हात धरला. फोन जवळ घेऊन ते बघत राहिले.

"कुणाचं हाय हे?"

भावानं माझ्याकडे बघितलं.

"चांगलं ठिवलंय कुत्रं," दादा म्हणाले. "हात फिरून राह्यला आसंल कुणाचा तरी रोज."

त्यांनी फोन परत दिला. भाऊ उठून अंगणात गेला आणि बराच वेळ तिकडंच उभा राहिला. मी दादांना गोळी दिली, पाणी दिलं आणि त्यांचे पाय गार पडले होते म्हणून मोजे घातले.